बिनड्रॉइंगचा जॉब

भोसरी एमआयडीसीच्या 'जी' ब्लॉकमधून दुपारी चालत गेलात तर एका हाताला प्रेस शॉपचा धडधडाट, दुसऱ्या हाताला सीएनसीच्या कूलंटचा वास आणि मधेच एकाएकी शांत, झाडीतली एक सरकारी इमारत लागते. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. 1992 साली ती सुरू झाली. अलीकडे पाटीवर लांबलचक नवं नाव आलंय, पण रिक्षावाल्याला 'नारी' एवढंच पुरतं. मी बरीच वर्षं तिथून हाकेच्या अंतरावर एका कारखान्याच्या मेट्रॉलॉजी रूममध्ये मापं घेत बसायचो. आत काय चालतं हे विचारायची बुद्धी तेव्हा कधी झाली नाही. एचआयव्हीचा अभ्यास चालतो, एवढं ठाऊक होतं.

आमच्याकडे सगळ्यात वैतागाचं काम म्हणजे बिनड्रॉइंगचा जॉब. कुठल्यातरी परदेशी मशीनचा एखादा छोटा भाग तुटलेला असायचा, मशीन बनवणाऱ्यांकडून कागद मिळायचा नाही आणि लाइन उभी. मग तो तुकडा आमच्या टेबलावर यायचा. टूलरूमचे मिस्त्री तो हातात घेऊन उजेडात फिरवायचे आणि आधी मापं न घेता घासल्याच्या खुणा बघायचे. कुठे चकाकी आलीय, कुठे चरा पडलाय, कुठे गंज तसाच आहे. "पकड इथं आहे," म्हणायचे, "बाकीचं नुसतं अंग." एकदा अशाच एका तुकड्याला कोणीतरी 'लॉक पिन' अशी चिठ्ठी बांधून पाठवलं होतं. आम्ही त्याच नावानं रजिस्टरला चढवला, मिस्त्रींनी खुणांवरून दुसरा बनवला, तो बसला आणि चालला. चारेक वर्षांनी मूळ ड्रॉइंग हाती आलं तेव्हा कळलं की ती लॉक पिन नव्हतीच. नाव वेगळं, आकारामागचा विचार वेगळा. मिस्त्रींचा तुकडा मात्र तोवर विनातक्रार चालत होता.

ही आठवण निघाली ती एका प्रथिनामुळे. या प्रथिनाचा पुण्यात जो तपास झाला त्याची कथा वाचताना मला सारखी ती चिठ्ठी दिसत होती.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. यकृताच्या पेशीत तोच आणि रोगाशी लढणाऱ्या टी-पेशीतही तोच. मग यकृताची पेशी यकृतासारखी का वागते? डीएनएच्या मजकुराला हात न लावता त्यातलं काय वाचायचं आणि काय मिटून ठेवायचं हे ठरवणारी जी यंत्रणा आहे तिच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. शब्द जुना आहे. कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं तो 1942 सालीच वापरात आणला होता. पण यंत्रणा म्हणजे नेमकं काय, तिला हात-पाय-दात कुठे आहेत, हे दिसायला विसावं शतक संपत यावं लागलं.

सप्टेंबर 1997 मध्ये झुरिकमधल्या टिमोथी रिचमंड यांच्या प्रयोगशाळेतून कॅरोलिन लुगर आणि सहकाऱ्यांनी न्यूक्लिओसोमची रचना प्रसिद्ध केली. आठ हिस्टोन प्रथिनांचं एक रीळ आणि त्याभोवती पावणेदोनपेक्षा थोडे कमी वेढे घेतलेला, 146 अक्षरजोड्यांचा डीएनए. बारकावा 2.8 अँगस्ट्रॉमचा. एका मायक्रॉनमध्ये दहा हजार अँगस्ट्रॉम मावतात. आम्ही मायक्रॉनभर फरक पकडला की दिवसभर कॉलर ताठ करून हिंडायचो, हे इथे नम्रपणे नोंदवतो. त्या चित्रात एक गोष्ट वेगळी होती. हिस्टोनांच्या शेपट्या डीएनएच्या वेढ्यांमधून रिळाबाहेर निघालेल्या होत्या. पेशीची खाडाखोड चालते ती प्रामुख्यानं याच शेपट्यांवर. शेपटीतल्या लायसीन या घटकावर ॲसिटिलचा गट चिकटवला की त्याचा धन विद्युतभार जातो, डीएनएवरची पकड ढिली होते आणि जनुक वाचायला मोकळं होतं. चिकटवणारी विकरं वेगळी आणि खरवडून काढणारी वेगळी. आपल्या कथेत चिकटवणारं आहे पीसीएएफ आणि खरवडणारं आहे एचडीएसी-1. ही दोन नावं तेवढी लक्षात ठेवा, बाकीची मी सांभाळतो.

पण ही विकरं हव्या त्या जनुकापाशीच कशी पोचतात? कोणीतरी तिथे हात धरून नेत असणार. टी-पेशीत हे काम करणारं एक प्रथिन 1992 साली कॅलिफोर्नियात टेरुमी कोवी-शिगेमात्सु यांच्या गटाला सापडलं. नाव सॅटबी-1, लांबी 763 अमिनो आम्लं. मुख्यतः थायमस ग्रंथीतल्या, म्हणजे टी-पेशींची शाळा जिथे भरते तिथल्या पेशींत ते भरपूर. डीएनएवर ए आणि टी या अक्षरांची दाटी असलेल्या विशिष्ट जागा धरून ते बसतं. 2000 साली सॅटबी-1 काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या टी-पेशी अर्ध्या शिक्षणातच अडकल्या आणि कितीतरी जनुकं भलत्या वेळी, भलत्या जागी बोलू लागली. 2003 साली सूक्ष्मदर्शकाखाली असं दिसलं की पेशीकेंद्रात हे प्रथिन पिंजऱ्यासारखं जाळं करून बसलंय आणि दूरदूरचे डीएनएचे धागे त्याला येऊन टेकलेत.

कोवी-शिगेमात्सु यांच्या बर्कलेच्या प्रयोगशाळेत त्याआधी एक मराठी माणूस काम करत होता. संजीव गलांडे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पीएचडी करून ते तिकडे गेले होते. त्यांच्या हाती जो धागा लागला तो मरणाऱ्या पेशींकडून. नको असलेली टी-पेशी स्वतःला शिस्तीत संपवते. त्यासाठी कॅस्पेज नावाच्या कात्र्या बाहेर निघतात. कॅस्पेज-6 ही कात्री सॅटबी-1 ला एका ठरावीक जागी कापते आणि कापल्याबरोबर ते डीएनएवरून सुटून येतं. आता गंमत अशी की डीएनए धरणारा भाग कापलेल्या तुकड्यात शाबूतच होता! हात तसाच असून पकड गेली. मग तुटलं ते काय?

तुटलं होतं ते टोकाकडचं अंग. गलांडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सॅटबी-1 एकट्यानं काम करत नाही, जोडी जमवून करतं आणि जोडी जमवायचा भाग याच टोकाला आहे. त्या भागाच्या अक्षरक्रमाची संगणकावर इतर प्रथिनांशी तुलना केली तेव्हा एका ओळखीच्या घराण्याशी साम्य निघालं. घराण्याचं नाव पीडीझेड. या घराण्यातले भाग दुसऱ्या प्रथिनाच्या शेपटाचं टोक चिमटीत धरण्यासाठी प्रसिद्ध. 2001 सालच्या शोधनिबंधात म्हणून चिठ्ठी बांधली गेली: 'पीडीझेड'. आतल्या मजकुरात 'साम्य' हा शब्दही होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण चिठ्ठी वाचल्यावर आतला मजकूर कोण वाचतं?

त्याच वर्षी गलांडे पुण्याला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आले. विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत. भोसरीहून गेलात तर नाशिक फाटा, मग जुन्या महामार्गानं खडकीच्या बाजूनं आत. गर्दी नसेल तर अर्धा तास, म्हणजे प्रत्यक्षात तासभर.

इथून कथा तापते. केंद्रातच देबाशिस मित्रा एचआयव्हीवर काम करत होते. हा विषाणू घुसतो तो टी-पेशीत आणि सॅटबी-1 चं राज्यही तिथेच. विषाणूजवळ 'टॅट' नावाचं छोटंसं प्रथिन असतं. मुळात ते विषाणूची स्वतःची जनुकं जोरात चालवण्यासाठी. पण टॅट भलत्याच जागी हात घालतं, हे 2005 साली पुण्याच्या गटानं दाखवलं. शांत टी-पेशीत सॅटबी-1 हे इंटरल्यूकिन-2 या जनुकापाशी बसलेलं असतं आणि त्यानं आपल्या त्या टोकाच्या भागानं एचडीएसी-1 ला, म्हणजे खरवडणाऱ्याला, धरून ठेवलेलं असतं. ॲसिटिलच्या खुणा टिकत नाहीत, जनुक मिटलेलं राहतं. टॅट येतं, त्याच भागाला चिकटतं आणि एचडीएसी-1 ला ढकलून बाहेर काढतं. जनुक उघडतं. इंटरल्यूकिन-2 म्हणजे टी-पेशींना 'वाढा, पसरा' असं सांगणारा निरोप. जाग्या, फोफावणाऱ्या टी-पेशी विषाणूच्या सोयीच्याच!

मिस्त्री जसे घासल्याच्या खुणा बघायचे तसं हे झालं. चोरानं कुलपाला जिथे हत्यार लावलं तिथे चरा उमटला आणि चऱ्यावरून कळलं की खटका इथे आहे. कुलूप अजून कोणी उघडून पाहिलेलं नव्हतं.

पण विषाणू यायच्या आधीपासून पेशी स्वतः हा खटका कसा दाबत असेल? टी-पेशीला खरा शत्रू दिसतो तेव्हा इंटरल्यूकिन-2 उघडावंच लागतं. तेव्हा एचडीएसी-1 ला कोण हटवतं? पी. पवन कुमार, प्रभात पुरबे, डिंपल नोतानी आणि इतर तरुण संशोधक या प्रश्नावर लागले. उत्तर एप्रिल 2006 मध्ये 'मॉलिक्युलर सेल' या नियतकालिकात आलं आणि मला ते या सबंध कथेतलं सर्वांत देखणं पान वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

सॅटबी-1 मध्ये 185 व्या जागी सेरीन हा घटक आहे. शांत पेशीत त्यावर फॉस्फेटचा एक गट चिकटलेला असतो. तो चिकटवणारं विकर म्हणजे प्रोटीन कायनेज सी. फॉस्फेट आहे तोवर सॅटबी-1 खरवडणाऱ्या एचडीएसी-1 शी हातमिळवणी करतं आणि जनुक बंद ठेवतं. पेशी जागी झाली की फॉस्फेट निघतो. निघाला की सॅटबी-1 पक्ष बदलतं आणि चिकटवणाऱ्या पीसीएएफशी जोडी जमवतं. इथवर कोणीही अंदाज केला असता. पुढची चाल मात्र अशी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मान खाली घालून हसलो. पीसीएएफ येतं आणि आधी सॅटबी-1 वरच, 136 व्या लायसीनवर, ॲसिटिलचा शिक्का मारतं. शिक्का बसला की सॅटबी-1 ची डीएनएवरची पकड जाते. म्हणजे ज्याला बोलावलं त्यानंच बोलावणाऱ्याला खुर्चीवरून उठवलं. खुर्ची रिकामी, जनुक मोकळं.

हिस्टोनांवर जी खूण उमटते तीच जनुक मिटवणाऱ्या प्रथिनावरही उमटते आणि दोन्हीकडे परिणाम एकच: पकड सुटणे. एपिजेनेटिक्सच्या पुस्तकी चित्रांत हिस्टोन म्हणजे कागद आणि बाकीची प्रथिनं म्हणजे लेखण्या असं काहीतरी काढलेलं असतं. इथे लेखणीवरच लिहिलं जात होतं.

हे सिद्ध करायची रीत शॉप फ्लोअरवरच्या माणसाला लगेच उमगेल. संशय असलेला एकच दात काढून टाकायचा आणि मशीन चालवून बघायचं. 185 व्या सेरीनच्या जागी ॲलॅनिन नावाचा, फॉस्फेट घेऊच न शकणारा घटक घालायचा आणि जोडीदार कोण बदलतो ते पाहायचं. असा एकेक दात बदलत खटक्याचा नकाशा तयार होत गेला. पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, याच गटानं फ्रान्समधल्या आन दजां यांच्यासोबत दाखवलं की सॅटबी-1 हे पीएमएल या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीनं सहाव्या गुणसूत्रावरच्या एका महत्त्वाच्या पट्ट्यातले डीएनएचे फासे बांधतं आणि सोडतं. ज्या जनुकांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं, तो हा पट्टा. 2010 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार जीवशास्त्रात गलांडे यांना मिळाला. त्या वर्षी या शाखेतल्या दुसऱ्या मानकरी मुंबईच्या टीआयएफआरमधल्या शुभा टोळे. त्याच सुमारास गलांडे पाषाणच्या आयसरमध्ये गेले आणि तिथे एपिजेनेटिक्सचं केंद्र उभं राहिलं.

एवढं सगळं झालं आणि तरी त्या टोकाच्या भागाचा प्रत्यक्ष आकार कोणी पाहिलेला नव्हता! नकाशा होता, चरे होते, दात मोजलेले होते. ड्रॉइंग नव्हतं.

आकार दिसला की काय होतं याचं एक उदाहरण त्याच 2006 सालात दुसरीकडे घडलं. जुलैच्या सुरुवातीला 'नेचर'च्या एकाच अंकात चार शोधनिबंध लागोपाठ आले. त्यातला एक न्यूयॉर्कच्या दिनशॉ पटेल यांच्या गटाचा. पटेल मुंबईचे, मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेले. प्रश्न असा होता: हिस्टोन एच-3 च्या चौथ्या लायसीनवर तीन मिथिल गट असले की ते जनुक चालू असल्याची खूण समजतात. ही खूण वाचतो कोण आणि कसा? त्यांनी बीपीटीएफ या प्रथिनातल्या 'पीएचडी फिंगर' नावाच्या भागाचा स्फटिक केला आणि आत दिसला एक चिमुकला पिंजरा. भिंती सपाट कड्यांच्या अमिनो आम्लांच्या, तीन टायरोसीन आणि एक ट्रिप्टोफॅन. तीन मिथिल घेतलेला लायसीन त्यात नेमका बसतो. शेजारच्या खाचेत दुसऱ्या जागेवरचा आर्जिनीन बसतो आणि दोन खाचांच्या मधली भिंत तोच ट्रिप्टोफॅन. त्यामुळे शेपटीवरच्या भलत्या लायसीनला इथे जागाच नाही. आमच्या भाषेत गो-नो गो गेज. भोकात गेजची एक बाजू जायलाच हवी आणि दुसरी जाताच कामा नये. मी हजारो भोकं अशी तपासली आहेत. जिवंत पेशी हेच करते हे कळायला निवृत्त व्हावं लागलं.

सॅटबी-1 च्या बाबतीत पहिला धक्का 2007 सालचा. जपानच्या काझुहिको यामासाकी यांच्या गटानं सॅटबी-1 चा डीएनए धरणारा एक भाग डीएनएसकट स्फटिकात पाहिला. 1992 पासून समजूत होती की हे प्रथिन डीएनएच्या अरुंद खोबणीच्या बाजूनं बसतं. स्फटिकात त्या भागाची तिसरी मळसूत्री दांडी रुंद खोबणीत खोलवर घुसलेली दिसली. पण जोडी जमवणारं टोक बाकीच होतं.

स्फटिक करणं हे काम ऐकायला नाजूक वाटतं, प्रत्यक्षात ते चिकाटीचं आणि बरंचसं नशिबाचं आहे. हवं ते प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, धुऊन धुऊन शुद्ध करायचं, मग त्याचा डोळ्यात मावेल एवढा थेंब काचेच्या झाकणाला उलटा टांगायचा आणि खाली मिठाचं नाहीतर पॉलिमरचं द्रावण ठेवायचं. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं. मीठ वेगळं, आम्लता वेगळी, तापमान वेगळं, असे शेकडो थेंब. बहुतेकांत साका बसतो. एखाद्यात कडा धरलेला कण दिसतो आणि तोही बऱ्याचदा नुसत्या मिठाचा निघतो. खरा निघाला तर त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून गणितानं अणूंच्या जागा काढायच्या. अक्षरक्रमाशी साम्य, संगणकाचा अंदाज, वजनदार प्राध्यापकाचं मत, यातलं काहीही त्या ठिपक्यांना ऐकू येत नाही.

2012 साली 'न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च'मध्ये चीनमधल्या तिआनजिनच्या नानकाई विद्यापीठातल्या गटानं सॅटबी-1 च्या त्या टोकाची रचना छापली.

ते पीडीझेड नव्हतं.

घडी होती युबिक्विटिनसारखी. युबिक्विटिन म्हणजे 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. मोडीत काढायच्या प्रथिनांना पेशी त्याची चिठ्ठी लावते आणि त्या शोधाला 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं. सॅटबी-1 च्या टोकाचं मोडतोडीशी काही नातं असल्याचं या साम्यातून ठरत नाही, फक्त घडी त्या घराण्याची. दुसरी गोष्ट याहून मोठी. स्फटिकात हे भाग दोन-दोन नव्हे, तर चार-चार मिळून बसले होते. नानकाईच्या गटानं सांधे बिघडवणारे बदल करून पाहिले. चौकडी मोडली तेव्हा एकाहून अधिक ठिकाणी ए-टी ची दाटी असलेल्या खास डीएनएवरची पकडही बिघडली. दोन वर्षांनी त्याच विद्यापीठातून शेजारचा भागही जोडून रचना आली आणि डीएनए धरताना हे दोघं मिळून कसं काम करतात ते दिसलं.

म्हणजे चिठ्ठीवरचं नाव चुकलं आणि नगांची संख्याही.

आता यावर काय म्हणायचं? एक सोपा मार्ग असा की आधीचं सगळं बाद, रचना आली, खरं कळलं. विज्ञानाच्या बऱ्याच कथा अशाच सांगतात आणि मला ते अन्यायाचं वाटतं. कात्रीनं ते टोक तोडलं की पकड सुटते, हे 2001 चं निरीक्षण जसंच्या तसं उभं आहे. उलट आता त्याचं कारण अधिक चांगलं कळतं: चार हातांनी धरलेलं ओझं एका हातावर आलं. टॅट त्या टोकाला धरून एचडीएसी-1 ला ढकलतं, फॉस्फेट असताना एक जोडीदार आणि नसताना दुसरा, ही मापं कोणी खोटी ठरवलेली नाहीत. 2003 च्या चित्रातला तो पिंजराही चार हातांच्या प्रथिनाला अधिक शोभतो. एकाच वेळी दूरदूरचे धागे धरायला हात जास्तच हवेत. पुण्यात काम झालं ते खुणांवर. चिठ्ठी फक्त रजिस्टरला होती.

तरी दुसरी बाजूही लिहून ठेवतो. अकरा वर्षं 'पीडीझेड' हा शब्द शोधनिबंधांत फिरला आणि शब्द फिरला की त्याच्यासोबत विचारही फिरतात. पीडीझेड म्हटलं की माणूस 'हे कोणाचं शेपूट धरतं?' असं विचारू लागतो. 'हे चौघं मिळून बसतात का?' हा प्रश्न सुचायला ती चिठ्ठी आडवी येते. आणि मनात एक छोटी खंतही आहे, ती लपवत नाही: ज्या तुकड्याचे एवढे चरे गणेशखिंडीत वाचले गेले, त्याचा स्फटिक इथेच झाला असता तर बरं वाटलं असतं.

स्फटिकाचा हा न्याय पिंपरीकरांना तर नवा नसावा. 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन बनू लागलं. त्या पेनिसिलीनच्या रेणूवरून ऑक्सफर्डमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठी भांडणं झाली होती. एक पक्ष म्हणे यात चार अणूंचं, ताणून बसवलेलं चौकोनी कडं आहे. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखे दिग्गज म्हणत, असलं अस्थिर कडं असणं शक्य नाही, रचना वेगळी आहे. 1945 साली डोरोथी हॉजकिन आणि बार्बरा लो यांनी क्ष-किरणांनी स्फटिक तपासला. चौकोनी कडं होतं! रॉबिन्सन यांना दोनच वर्षांनी दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं, म्हणजे माणूस काही लहान नव्हता. एचए कॉलनीत वाढलेल्या माझ्या वर्गमित्रांच्या घरी पेनिसिलीन हा पगाराचा विषय होता, कड्याचा नव्हे. पण जे औषध त्यांच्या वडिलांच्या हाताखालून जायचं त्याचा आकारही असाच, बड्यांचं मत डावलून ठरला होता.

आज अक्षरक्रम टाकला की संगणक काही मिनिटांत घडीचं चित्र काढून देतो. अल्फाफोल्डच्या कर्त्यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो त्यासाठीच. 2001 साली हे हाताशी असतं तर ती चिठ्ठी कदाचित बांधलीच गेली नसती. पण 185 वर फॉस्फेट बसल्यावर कोण जवळ येतं आणि कोण दूर जातं, हे कळायला अजूनही पेशी वाढवाव्या लागतात, दात काढून मशीन चालवून बघावं लागतं. नुसतं ड्रॉइंग पाहून जॉब बसेल की नाही हे ठामपणे सांगणारा माणूस मला तरी शॉपवर भेटलेला नाही. असं सांगणारे असतात ते वर, ऑफिसात.

परवा भोसरीला गेलो होतो. मिस्त्री आता सत्तरीला टेकलेत, मुलाचं छोटं वर्कशॉप आहे तिथे दुपारी येऊन बसतात. नारीच्या वळणावरच्या टपरीवर चहा घेताना मी मोबाइलवर सॅटबी-1 च्या त्या टोकाची रचना उघडली. जगभरच्या प्रथिनांच्या रचना एका खुल्या पेढीत ठेवलेल्या असतात, कोणीही बघाव्या. चार रंगांचे चार तुकडे. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि बोटानं चित्र गोल फिरवलं, अगदी तसंच, उजेडाकडे धरून.

"फोर-जॉ चक आहे की हे."

"तसं नाही, मिस्त्री. आधी दोन-दोनच्या जोड्या, मग जोडीला जोडी. दोन सांधे वेगवेगळे आहेत."

त्यांनी पुन्हा फिरवलं. बराच वेळ पाहिलं. चहा निवत होता.

"मग चक म्हणू नका," ते म्हणाले. "चकाचे चारी जबडे एका बॉडीत असतात. याला बॉडीच नाही, एकमेकांनाच धरून उभेत." आणि मोबाइल परत देताना विचारलं, "यातला नेमका कुठला सांधा आधी सुटतो?"

मला सांगता आलं नाही. मिस्त्रींनी निवलेला चहा एका घोटात संपवला आणि शेजारच्या वर्कशॉपमधून मुलाची हाक आली तसे आत गेले. लेथवर कसलातरी जॉब लागला होता.